पुस्तक गुपचूप हटवले जाते तेव्हा : स्त्रीवादी साहित्यावरील बंदीला पहिल्यांदाच विरोध करणाऱ्यांसाठी

स्त्रियांच्या लेखनावर येणारी बंदी पुष्कळदा बंदी म्हणून येतच नाही. सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून पुस्तक जप्त केल्याची उदाहरणे आहेत आणि त्यांचा विचार पुढे केलेला आहे. पण सामान्य वाचकाच्या वाट्याला बहुतेक वेळा येते ते वेगळेच. अभ्यासक्रमातून एखादी कथा वगळली जाते, वाचनालयात पुस्तक मागितले की ते बांधणीला गेल्याचे सांगण्यात येते, व्याख्यानाला बोलावलेल्या लेखिकेचे आमंत्रण ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ मागे घेतले जाते, प्रकाशक उरलेल्या प्रती विक्रीतून काढून घेतो. निर्णय कोणी, कधी आणि कोणत्या अधिकारात घेतला असे विचारले, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी राग येणे स्वाभाविक आहे, पण घोषणा देण्याआधी करायचे एक काम आहे, आणि माझ्या मते विरोधाचे अर्धेअधिक यश त्यावरच ठरते: जो निर्णय तोंडी घेतला गेला, तो संबंधितांना कागदावर आणायला लावणे. कागदावरच्या निर्णयाला कारण द्यावे लागते, त्याखाली कोणाची तरी सही असते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते.

ज्यांनी आजवर कधी निवेदन दिलेले नाही, माहिती अधिकाराचा अर्ज भरलेला नाही किंवा पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, अशा महाराष्ट्रातील वाचकांना डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. कायद्याच्या तरतुदी दिशा कळावी एवढ्यापुरत्याच दिल्या आहेत. प्रत्यक्ष न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर वकिलाला पर्याय नाही.

पहिली पायरी : पुस्तक वाचा आणि नेमके काय घडले ते ठरवा

आक्षेपार्ह म्हणून मोबाइलवर फिरणारे चार परिच्छेद म्हणजे पुस्तक नव्हे. संपूर्ण पुस्तक वाचल्याशिवाय त्याच्या बाजूने उभे राहू नये, कारण पहिल्याच बैठकीत ‘तुम्ही हे वाचले आहे का?’ असा प्रश्न येतो आणि तिथे अडखळलेला माणूस पुढे बोलू शकत नाही. वाचताना आक्षेप घेतलेली पाने टिपून ठेवावीत, त्यांच्या मागचा-पुढचा संदर्भ दोन-तीन वाक्यांत लिहून काढावा, आणि ते वाक्य कथेतील पात्राचे आहे की लेखिकेचे, हेही नोंदवावे. पात्राच्या तोंडचे वाक्य लेखिकेच्या माथी मारणे ही या प्रकारच्या तक्रारींची नेहमीचीच रीत आहे.

त्यानंतर घटनेचा प्रकार ठरवावा. राज्य सरकारची अधिसूचना, विद्यापीठाचा निर्णय, ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाचा ठराव, आयोजकांची माघार आणि प्रकाशकाची माघार या पाच अगदी वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी पदवीच्या अभ्यासक्रमातून काढली, तेव्हा देशात कुठेही त्या कादंबरीवर बंदी नव्हती. ती दुकानांत मिळत होती. कुलगुरूंनी आपले तातडीचे अधिकार वापरून घेतलेला तो निर्णय होता. त्याविरुद्ध ‘बंदी उठवा’ अशी मागणी करणे नेमके ठरले नसते. मागणी ‘वगळलेला पाठ पूर्ववत करा आणि अभ्यासमंडळाला विचारल्याशिवाय असे निर्णय घेऊ नका’ अशी असावी लागते. मागणी चुकीच्या दारात नेली, की ‘हा आमचा विषय नाही’ असे उत्तर मिळते आणि महिनाभर वाया जातो.

दुसरी पायरी : कात्री आधी कुठे लागली ते शोधा

इथे थोडे थांबून एक जुने प्रकरण पाहणे गरजेचे आहे, कारण स्त्रियांच्या लेखनाची गळचेपी कशी होते याचा त्याहून स्पष्ट दाखला माझ्या माहितीत नाही, आणि त्याचे एक टोक मराठी इतिहासाला जोडलेले आहे. अठराव्या शतकात तंजावरच्या भोसले घराण्यातील राजा प्रतापसिंह यांच्या दरबारी मुद्दुपळनी नावाची विदुषी गणिका होती. तिने तेलुगूत ‘राधिका सांत्वनमु’ हे दीर्घ शृंगारकाव्य रचले. राधेची इच्छा, तिचा राग, तिचे रुसणे यांना त्यात मध्यवर्ती स्थान आहे, आणि प्रस्तावनेच्या पद्यांत कवयित्रीने अभिमानाने आपली परंपरा आजीपासून, म्हणजे स्त्रियांच्या बाजूने सांगितली आहे. १८८७ मध्ये हे काव्य छापले गेले तेव्हा त्यातले काही श्लोक आणि नेमकी ती स्त्री-परंपरा सांगणारी पद्येच गाळली गेली होती. पुढे गायिका आणि विदुषी बंगळूर नागरत्नम्मा यांच्या हाती मूळ प्रत आली. छापील आवृत्तीशी ती ताडून पाहिल्यावर काय गाळले गेले ते त्यांच्या लक्षात आले, आणि १९१० मध्ये त्यांनी संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले.

त्यानंतर जे झाले ते आजही ओळखीचे वाटेल. विधवाविवाहासाठी झटणारे थोर समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम् यांनीच हे काव्य स्त्रीच्या तोंडी शोभणारे नाही, असा ठपका ठेवलेला होता. पुरुष कवींनी याहून उघड शृंगार लिहिला तर चालतो, मग लाज-मर्यादेचा प्रश्न फक्त स्त्रियांपुरताच आहे का, असा सवाल नागरत्नम्मांनी जाहीरपणे केला. ब्रिटिश सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून प्रती जप्त केल्या. तंगुटूरी प्रकाशम् मद्रास प्रांताचे मुख्यमंत्री असताना, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ती बंदी उठली. मधली तीन दशकांहून अधिक वर्षे काव्य वाचकांपासून दूर राहिले.

यातून नवख्या कार्यकर्त्याने घ्यायची गोष्ट अशी, की नागरत्नम्मांचे पहिले पाऊल दोन प्रती शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याचे होते. आपणही तेच करावे. गेल्या वर्षीचा अभ्यासक्रम आणि या वर्षीचा, पहिली आवृत्ती आणि नवी, ग्रंथालयाची जुनी सूची आणि आजची, असे दोन कागद समोर ठेवून फरक लिहून काढावा. काय नाहीसे झाले हे तारखेसह दाखवता आले, तर पुढचे बोलणे सोपे जाते.

तिसरी पायरी : कागद मिळवा

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे यासाठी सामान्य माणसाच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन आहे. महाराष्ट्रात ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात अर्ज करायचा असतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा असतो आणि अर्ज एकाच विषयापुरता, साधारण १५० शब्दांच्या आत ठेवायचा असतो. कार्यालयाने ३० दिवसांत उत्तर देणे अपेक्षित आहे. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील, आणि तिथेही समाधान झाले नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

अर्ज लिहिताना बहुतेकांचा हात ‘हे पुस्तक का काढले?’ या प्रश्नाकडे जातो. तो टाळावा. माहिती अधिकारात कार्यालयाकडे असलेले अभिलेख मागता येतात. मत, खुलासा किंवा समर्थन मागता येत नाही, आणि ‘का’ हा शब्द दिसताच अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. त्याऐवजी कागदाचे नाव घेऊन मागणी करावी. उदाहरणार्थ: ‘द्वितीय वर्ष कला शाखेच्या मराठी विषयाच्या अभ्यासक्रमातून अमुक कथा वगळण्याबाबत झालेल्या सभेची सूचना, विषयपत्रिका, उपस्थितीपट व इतिवृत्त यांच्या साक्षांकित प्रती, सदर कथेविरुद्ध प्राप्त झालेल्या सर्व तक्रारींच्या प्रती, आवक क्रमांकासह, आणि या विषयाच्या नस्तीवरील (फाइलवरील) सर्व टिप्पण्यांच्या प्रती.’ अशी माहितीच अस्तित्वात नसल्याचे उत्तर आले, तरी ते मौल्यवान असते, कारण मग कोणतीही सभा न घेता निर्णय झाला हे संस्थेने स्वतःच्या सहीने मान्य केलेले असते. तक्रारींच्या प्रती हाती आल्यावर अनेकदा असेही दिसते, की ज्या ‘समाजाच्या तीव्र भावनां’चा दाखला दिला जात होता, त्या एकाच मजकुराच्या दोन-तीन पत्रांत मावतात.

अनुदानित सार्वजनिक वाचनालय थेट माहिती द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तोच अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे करावा, कारण अनुदान आणि तपासणी यांच्या निमित्ताने त्या वाचनालयाचे बरेचसे कागद तिथे असतात. प्रत्येक अर्जाची, पत्राची आणि निवेदनाची एक प्रत स्वतःजवळ ठेवून तिच्यावर तारीख-शिक्क्यासह पोच घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

चौथी पायरी : लेखिकेला विचारल्याशिवाय तिच्या नावाने काही करू नका

ही पायरी उत्साहाच्या भरात सर्वाधिक वेळा गाळली जाते. लेखिका हयात असेल, तर तिला काय हवे आहे हे आधी विचारावे. तिच्यावर होणारे हल्ले क्वचितच लेखनापुरते राहतात. ते तिच्या चारित्र्यावर, लग्नावर, मुलांवर आणि जातीवर येतात. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा उठलेल्या वादळात कथांइतकीच चर्चा या नावामागे कोण आहे याची झाली होती. मालतीबाई बेडेकरांना ते टोपणनाव का घ्यावे लागले असेल, हे त्या चर्चेवरून सहज कळते. आजच्या काळात पत्ता आणि फोन नंबर काही मिनिटांत पसरतात. म्हणून लेखिकेचा फोटो, गाव, नोकरीचे ठिकाण यांपैकी काहीही तिच्या संमतीशिवाय आपल्या पत्रकात येता कामा नये. तिने गप्प राहायचे ठरवले, तर त्या निर्णयाचा मान राखून ‘वाचकांचा हक्क’ या भूमिकेवरून विरोध चालू ठेवता येतो, आणि ती भूमिका कायद्याच्या दृष्टीनेही भक्कम आहे. त्याचा विचार न्यायालयाच्या पायरीवर येईल.

लेखिका दलित, आदिवासी किंवा मुस्लिम असेल, तर जात आणि धर्म यांचा धागा बाजूला ठेवून फक्त ‘स्त्रियांचे साहित्य’ अशी मांडणी करू नये. दिल्ली विद्यापीठाने ऑगस्ट २०२१ मध्ये इंग्रजी ऑनर्सच्या अभ्यासक्रमातून जे लेखन वगळले, त्यात महाश्वेता देवी यांची आदिवासी स्त्रीवरील अत्याचाराची ‘द्रौपदी’ ही कथा होती, आणि बामा व सुकिर्थराणी या दोन तमिळ दलित लेखिकांचे लेखनही होते. त्या तिघींच्या लेखनात बाईचे शरीर, जात आणि सत्ता एकत्र येतात. त्यातला एक धागा सोडून दिला, तर नेमके काय झोंबले हेच सांगता येत नाही.

पाचवी पायरी : संस्थेच्या आतून नोंद करा

त्याच दिल्लीच्या प्रकरणात विद्यापरिषदेच्या १५ सदस्यांनी आपली असहमती लेखी नोंदवली. बहुमताने निर्णय तसाच राहिला, पण ती असहमती कायमची दप्तरात गेली. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांतही हा मार्ग मोकळा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अभ्यासमंडळ, विद्यापरिषद आणि अधिसभा अशी रचना आहे, आणि अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. तुम्ही पदवीधर म्हणून नाव नोंदवलेले असेल, तर ते तुमचे प्रतिनिधी आहेत. त्यांना भेटून अधिसभेत प्रश्न विचारण्याची विनंती करावी. प्राध्यापक ओळखीचे असतील, तर त्यांच्याकडून रस्त्यावर येण्याची अपेक्षा ठेवण्यापेक्षा त्यांनी अभ्यासमंडळाच्या सभेत लेखी असहमती द्यावी, एवढेच मागावे. त्यांच्या नोकरीची जोखीम आपण ठरवायची नसते.

सार्वजनिक वाचनालयाचे सभासद असाल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेचे हत्यार हातात असते. सभेच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत ‘अमुक पुस्तक देवघेवीतून काढण्याच्या निर्णयाची माहिती सभेपुढे ठेवावी’ असा विषय लेखी द्यावा. ग्रंथपालाला मात्र लक्ष्य करू नये. बहुतेक ठिकाणी तो किंवा ती तुटपुंज्या मानधनावर काम करणारी व्यक्ती असते आणि निर्णय कार्यकारी मंडळातल्या कोणाच्या तरी फोनवर झालेला असतो. ग्रंथपालाशी खासगीत शांतपणे बोलले, तर फोन कोणाचा होता हेही पुष्कळदा कळते. ते नाव जाहीर करायचे नसते, पण निवेदन कोणाच्या नावाने द्यायचे, हे त्यावरून ठरवता येते.

सहावी पायरी : निवेदन

निवेदन एका पानाचे असावे. पहिल्या परिच्छेदात घटना, तारीख आणि कागदाचा संदर्भ द्यावा; दुसऱ्यात आम्ही हे पुस्तक वाचले आहे असे स्पष्ट सांगून आक्षेपाला नेमके उत्तर द्यावे; तिसऱ्यात मागणी, आणि उत्तर कधीपर्यंत हवे ती तारीख. ‘लोकशाहीचा गळा घोटला’, ‘हुकूमशाही’ असे शब्द भाषणात शोभतील, निवेदनात नकोत, कारण ते वाचून अधिकाऱ्याला उत्तर न देण्याची सवड मिळते. ‘लेखिका आदरणीय आहेत, त्यांना पुरस्कार मिळालेले आहेत’ या मुद्द्यावरही फार विसंबू नये. उद्या अशाच प्रसंगाला तोंड देणारी लेखिका विशीतली असेल आणि तिला एकही पुरस्कार मिळालेला नसेल. तिचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

आक्षेपाला उत्तर देताना एक जुना निकाल जवळ असावा. १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयाने भगवतीचरण शुक्ल प्रकरणात असे म्हटले, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसांच्या कसोटीवर जोखावा, दुबळ्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या कसोटीवर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या प्रकरणात हीच कसोटी उचलून धरली. अश्लीलतेच्या आरोपाबाबत भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येच विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्याभ्यास यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनाला अपवाद दिलेला आहे. स्त्रीच्या शरीराविषयी मोकळेपणाने लिहिले म्हणून खटले भरण्याची परंपरा महाराष्ट्रातही आहे: र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तो खटला कर्वे हरले, पण मासिक १९५३ पर्यंत चालले. निवेदन वाचणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला हा संदर्भ परका वाटत नाही.

सह्या घेताना नाव, गाव आणि व्यवसाय पुरे. फोन नंबर घेतलेच, तर ते वेगळ्या कागदावर ठेवावेत आणि माध्यमांना दिल्या जाणाऱ्या प्रतीत येऊ देऊ नयेत. शिक्षक, गृहिणी, शेतकरी, परिचारिका अशा वेगवेगळ्या व्यवसायांच्या वीस सह्या एकाच वर्तुळातल्या दोनशे सह्यांपेक्षा अधिक बोलतात.

सातवी पायरी : जाहीर विरोध

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटक म्हणून ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावून ऐनवेळी आमंत्रण मागे घेतले गेले. त्या वेळी झालेला विरोध नवख्यांनी अभ्यासावा असा आहे. अनेक निमंत्रित साहित्यिकांनी संमेलनाला जायचे नाकारले. उद्घाटनाच्या मंडपात काही स्त्रिया सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून प्रेक्षकांत बसल्या. आणि जे भाषण व्यासपीठावरून होऊ दिले गेले नाही, त्याचा मराठी अनुवाद सर्वदूर वाचला गेला. त्याच महिन्यात दादरच्या शिवाजी मंदिरात ‘चला, एकत्र येऊ या’ या कार्यक्रमासाठी सहगल स्वतः आल्या. जे रोखले गेले तेच लोकांपुढे नेणे, हे या विरोधाचे सूत्र होते, आणि त्यासाठी एकही काच फोडावी लागली नाही.

आपल्या गावी असा कार्यक्रम करताना जागेनुसार तयारी करावी. बंद सभागृहात वाचन ठेवणे सर्वांत सोपे. मैदानात किंवा चौकात जमायचे असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा, ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी घ्यावी, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी लागू आहे का, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे. मुंबईत निदर्शनांसाठी आझाद मैदान ठरलेले आहे. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री संयोजकांना पोलिसांची नोटीस येणे नवीन नाही; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती ‘१४९ ची नोटीस’ म्हणून ओळखली जाई, आता ती तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते. नोटीस म्हणजे अटक नव्हे. ती वाचून, तारीख टाकून स्वीकारावी आणि वकिलाला दाखवावी. स्त्रियांना सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थिती वगळता अटक करता येत नाही, आणि अपवादातही महिला पोलीस अधिकारी व दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता आहे. जिल्हा न्यायालयातील त्या कार्यालयाचा क्रमांक आधीच प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये असावा.

काय वाचायचे, हा प्रश्न जपून सोडवावा. पुस्तक फक्त अभ्यासक्रमातून किंवा वाचनालयातून काढले असेल, तर त्यातील उतारे लेखिकेच्या व प्रकाशकाच्या संमतीने वाचता येतात. पण सरकारने अधिसूचनेद्वारे पुस्तक सरकारजमा केले असेल, तर त्याच्या प्रती पोलीस जप्त करू शकतात आणि जाहीर वाचनाने संयोजकांवर गुन्हा नोंदवला जाण्याची शक्यता असते. नवख्या गटाने ती जोखीम घेऊ नये. अशा वेळी सरकारचा आदेशच मोठ्याने, शब्दशः वाचावा आणि त्यात दिलेल्या कारणांवर चर्चा करावी. आदेशाच्या भाषेवरून तो काढणाऱ्याने पुस्तक किती वाचले होते, हे श्रोत्यांना लगेच कळते. जोडीला मराठीतले हक्काचे लेखन आहे: ताराबाई शिंदे यांची १८८२ ची ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणि मुक्ता साळवे यांचा १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये आलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध. दोन्हींवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, त्यामुळे ते वाचायला, छापायला आणि वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. ताराबाईंच्या पुस्तकावर कोणी बंदी घातली नव्हती. त्यावर इतकी कठोर टीका झाली, की पुढे ते जवळपास विस्मरणातच गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत तसेच राहिले. श्रोत्यांना हे सांगितले, की चर्चेला आपोआप सुरुवात होते. पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत गटांवर पसरवणे मात्र टाळावे: त्याने लेखिकेचेच नुकसान होते आणि विरोधकांना आयते निमित्त मिळते.

प्रकाशकाने माघार घेतली असेल, तर त्याला शत्रू मानण्याची घाई करू नये. लहान प्रकाशकाला एक खटला परवडत नाही. त्याला लिहावे, कारण विचारावे, नोंदणी करून प्रती घेण्याची तयारी दाखवावी. मोठ्या प्रकाशनसंस्थेची गोष्ट वेगळी. पेंग्विनने २०१४ मध्ये वेंडी डोनिगर यांचे हिंदूंविषयीचे पुस्तक तडजोड करून मागे घेतले, तेव्हा वाचकांच्या वतीने कंपनीलाच कायदेशीर नोटीस पाठवली गेली, की प्रकाशित करायचे नसेल, तर हक्क सोडून द्या. पुढच्याच वर्षी दुसऱ्या प्रकाशकाने ते पुस्तक भारतात आणले.

आठवी पायरी : अधिसूचना निघाली असेल तर उच्च न्यायालय

इथे वेळ फार महत्त्वाची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९५) राज्य सरकार पुस्तक सरकारजमा करू शकते, पण अधिसूचनेत आपल्या मताची कारणे देणे बंधनकारक आहे. कारणे न देता काढलेला असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हरनाम दास प्रकरणात रद्द केला आहे. कलम ९९ खाली अशा आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते, मात्र राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत, आणि ते प्रकरण तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे चालते. म्हणून राजपत्राची प्रत हाती येताच तिच्यावरची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे.

अर्ज कोणी करायचा? कायद्याचे शब्द ‘कोणताही हितसंबंध असलेली व्यक्ती’ असे आहेत, आणि ती व्यक्ती लेखक किंवा प्रकाशकच असली पाहिजे असे नाही. जेम्स लेन यांच्या पुस्तकावरील महाराष्ट्र सरकारच्या बंदीविरुद्ध वकील संघराज रूपवते, माहितीपटकार आनंद पटवर्धन आणि त्यांच्यासोबत एक सामाजिक कार्यकर्ती न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. पुस्तकातले म्हणणे पटते की नाही हा तिथे प्रश्न नव्हता, आणि त्या पुस्तकाविषयी महाराष्ट्रात किती तीव्र नाराजी होती हे सर्वांना ठाऊक आहे. स्त्रीवादी लेखनाच्या बाबतीत तर याहून जवळचे उदाहरण आहे. तसलिमा नसरीन यांच्या ‘द्विखंडित’ या आत्मकथनाच्या भागावर पश्चिम बंगालमधील डाव्या आघाडीच्या सरकारने नोव्हेंबर २००३ मध्ये बंदी घातली. ती उठवण्यासाठी मानवी हक्क कार्यकर्ते सुजातो भद्र कोलकाता उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २००५ मध्ये बंदी रद्द झाली. बंदी घालणारे सरकार कोणत्या रंगाचे आहे यावरून आपली भूमिका ठरवणाऱ्यांनी हे प्रकरण विसरू नये.

न्यायालय नेहमी वाचकाच्याच बाजूने निकाल देते असे नाही. मुंबई उच्च न्यायालयानेच जानेवारी २०१० मध्ये दुसऱ्या एका पुस्तकावरील बंदी कायम ठेवली होती, कारण ते एका समाजाविरुद्ध द्वेष पसरवणारे आहे असे त्याचे मत झाले. नव्या कायद्याचा वापर कसा होतो, हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसले: जम्मू-काश्मीर प्रशासनाने एकाच अधिसूचनेने २५ पुस्तके सरकारजमा केली, त्यात कुनन-पोशपोरा येथील स्त्रियांवरील अत्याचारांविषयी पाच काश्मिरी तरुणींनी लिहिलेले आणि दिल्लीच्या ‘झुबान’ या स्त्रीवादी प्रकाशनाने काढलेले पुस्तक आहे, तसेच बेपत्ता पुरुषांच्या शोधात लढणाऱ्या स्त्रियांविषयीचे अथर झिया यांचे संशोधनही आहे. थेट सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांना आधी उच्च न्यायालयात जा, असे सांगण्यात आले. आपल्यावर अशी वेळ आली, तर पहिले दार कोणते, हे त्यावरून स्पष्ट आहे. २५ पुस्तकांसाठी कारणांचा परिच्छेद एकच असेल, तर प्रत्येक पुस्तकाविषयी स्वतंत्र कारण कुठे आहे, हा प्रश्न अर्जात ठळकपणे मांडावा.

नववी पायरी : निर्णय फिरल्यानंतर

बंदी रद्द झाली किंवा पाठ पूर्ववत झाला, की गट पांगतो. पण पुस्तक आपोआप परत येत नाही. विद्यापीठाने निर्णय मागे घेतला असेल, तर नव्या परिपत्रकाची प्रत महाविद्यालयांपर्यंत पोचली का, आणि त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत त्या पाठावर प्रश्न आहे का, हे पाहावे; प्रश्न येत नसलेला पाठ वर्गात शिकवला जात नाही. प्रकाशकाने आधीच माघार घेतलेली असेल, तर न्यायालयाच्या निकालाने त्याला पुन्हा छापणे भाग पडत नाही, म्हणून निकालाची प्रत जोडून त्याला नव्याने लिहावे. वाचनालयाकडून पुस्तकाचा दाखल क्रमांक देवघेवीच्या सूचीत पुन्हा चढल्याचे लेखी कळवायला सांगावे, आणि त्यानंतर गटातल्या प्रत्येक सभासदाने ते आळीपाळीने आपल्या नावावर घरी न्यावे. वर्षानुवर्षे देवघेवीत न गेलेली पुस्तके निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून कायमची काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत जातात, आणि त्या यादीवर सही करायला कोणाच्याही भावना दुखवाव्या लागत नाहीत.